बंद तोंडाचा शॉट

भीतीच्या सिनेमात एखादी देखणी नटी जिन्यावर, विहिरीपाशी किंवा आरशासमोर जिवाच्या आकांताने किंचाळताना तुम्ही पाहिली असेल, तर ती किंकाळी त्या नटीची नव्हती असं खुशाल धरून चाला. नटीला दुसऱ्या दिवशी गाण्याचं शूटिंग असतं, घसा कोण फोडून घेणार? ते काम दुसऱ्याच एका बाईचं. ही बाई बावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी, आणि घरून निघताना दुधावर झाकण ठेवलं की नाही याची रस्ताभर काळजी करणारी.

स्टुडिओत तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'किंकाळी'. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचाच अभिमान जास्त होता. ताई कोणीही होतं.

कामाची खोली लहानशी. भिंतींना गादीसारखं जाड कापड, मधे माइक, समोर पडदा. पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि त्यातल्या नटीच्या तोंडात आपला आवाज नेमका बसवायचा. बाई आत शिरताना अंगावरचं वाजणारं सगळं काढून ठेवायची: घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, कडक खळीचं काही असेल तर तेही. मग नटीच्या ओठांवर नजर लावायची. डोळे बघायचे नाहीत, कपडे बघायचे नाहीत, मागचं भूत तर मुळीच बघायचं नाही. नुसते ओठ. तोंड दोन बोटं उघडलं तर घशातून, तीन बोटं उघडलं तर छातीतून, चार बोटं उघडलं तर थेट पोटातून. बावीस वर्षं ती हे माप घेत आली होती. तिचा गळा घोटून झाला होता, तिला कड्यावरून ढकलून झालं होतं, पुरून झालं होतं, आणि दर वेळी ती संध्याकाळी सहाला भाजी घेऊन घरी हजर.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा कपड्यांच्या कारखान्यात कटर होता. कापडाचे वीस थर एकावर एक रचून खडूच्या रेघेवरून असे कापायचा, की वरची बाही आणि खालची बाही यांत सूतभर फरक निघू नये. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो न्हाणीघरात कोसळला. तेव्हापासून उजवा हात निकामी, उजवा पाय ओढत चालणं, आणि जीभ जड. एक वाक्य बोलायला त्याला इतका वेळ लागायचा की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा.

त्या सकाळी बाई ओरडली नाही. सगळ्या नात्यागोत्यात गाजलेली गोष्ट ती हीच. जी बाई भाड्याने किंचाळते, तिचा नवरा पायाशी पडला आणि तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. तिने नळ बंद केला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओला टॉवेल ओढून त्याच्या पाठीखाली सरकवला, फोन लावला, पत्ता दोनदा नीट सांगितला आणि बसून राहिली. दवाखान्याची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. भिंतीपलीकडे शेजारी घरातच होते, आणि त्यांची मोटार खाली उभी होती. नंतर डॉक्टर आपले बोलायचं म्हणून बोलून गेले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि ते अर्धं वाक्य नणंदेने उचललं ते उचललंच. "ओरडली असतीस तर शेजारी धावले असते," असं ती पहिल्या वर्षी रडून म्हणाली, दुसऱ्या वर्षी समजुतीने म्हणाली, आणि पुढे पुढे मीठ दे म्हणावं तसं म्हणू लागली. आपण का ओरडलो नाही हे बाईला स्वतःलाच कळलेलं नव्हतं, आणि ते तिच्या मनाला वाळवीसारखं पोखरत होतं.

अशात एका दुपारी स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर एक तिशीची पोरगी येऊन बसली. चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा, पिशवीत कागदांचा गठ्ठा. म्हणाली, "ताई, तुमची एक किंकाळी मी मोबाइलवर गजर म्हणून लावलीय."

"मग उठतेस, की पुन्हा बेशुद्ध पडतेस?"

"मी सिनेमा करतेय. माझा पहिलाच. छोटा आहे, पण माझा आहे. मला तुम्ही हव्या आहात."

"कोणासाठी किंचाळायचंय?"

"कोणासाठी नाही. पडद्यावर तुम्हीच. तोंडासकट."

बाईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, पाण्याचं पिंप होतं.

चष्मेवालीच्या सिनेमात भूत नव्हतं, आणि म्हणूनच तो भयंकर होता. एक बाई असते. तिचा नवरा मोठ्या आजारातून दवाखान्यातून घरी येतो, आणि दिवसांमागून दिवस तिची खात्री पटत जाते की हा आपला नवराच नव्हे. कोणी तरी परका त्याचं कातडं पांघरून आपल्या अंथरुणात येऊन पडलाय. ती त्याची औषधं बंद करते, मग जेवण, मग खोलीचं दार. शेवटी दार उघडून ती त्याच्या उशाशी बसते आणि त्याचा गार हात हातात घेते तेव्हा तिला कळतं की तो तोच होता. पहिल्यापासून तोच. कागदावर शेवटची ओळ अशी होती: 'ती किंकाळी फोडते. किंकाळी थांबत नाही.'

बाईने हे सगळं घरी जेवणाच्या टेबलाशी नवऱ्याला वाचून दाखवलं.

"म्हणजे... शेवटी... मी मरतो?"

"तुम्ही कुठे? सिनेमातला नवरा मरतो."

"तो... काय... करतो?"

"काय करणार? पडून असतो."

"मग... मीच."

दोघं इतके हसले की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं. हसून झाल्यावर त्याने डाव्या हाताने तो गठ्ठा तिच्याकडे सरकवला. म्हणजे कर.

नणंद बातमी ऐकून खास आली. नवऱ्याची थोरली बहीण. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. "या वयात हिरोइन! आणि तीही असल्या सिनेमात. चला, मेकअप करायची तरी गरज नाही."

"वन्सं, आधी तुमचंच नाव निघालं होतं. पण म्हणे प्रेक्षक खरोखरच दगावतील."

नणंद हसली. तिला विनोद कळायचे, हा तिचा एक मोठा गुण होता. पण जाताना चपला घालता घालता म्हणालीच, "शेवटी किंचाळायचंय म्हणे. तिथे बरं तोंड उघडतं तुझं."

शूटिंग एका रिकाम्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये होतं. एक पलंग, एक कपाट, खिडकीला जाड पडदा. सिनेमातल्या नवऱ्याच्या कामाला एक म्हातारे नट होते, चाळीस वर्षं रंगभूमीवर घालवलेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पलंगावर पडून राहायचं आणि घोगऱ्या आवाजात बोलायचं, एवढंच त्यांचं काम, पण ते रोज सकाळी दाढी करून, पाठांतर करून यायचे.

पहिले दोन दिवस झकास गेले. बाईला अभिनय येत होता. तो तिला येतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, इतकंच. तिसऱ्या दिवशी चष्मेवालीने तिला मॉनिटरपाशी बोलावलं आणि चित्रण लावलं. मास्तर पलंगावरून बोलत होते, "पाणी दे. कालपासून मागतोय." आणि त्यांच्या शेजारी उभ्या बाईचे ओठ हलत होते. पाणी दे. कालपासून मागतोय. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. दुसऱ्या तुकड्यात तेच. तिसऱ्यात तेच.

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं समोरच्या ओठांवर नजर आणि त्यांच्याबरोबर आपले ओठ, हेच काम. ते अंगात इतकं भिनलं होतं की समोर कोणी बोलायला लागलं की ती त्याला आवाज द्यायला निघायची. शिकून आलेल्या नटीच्या हातून ही चूक सात जन्मांत झाली नसती. त्यासाठी डबिंगच्या खोलीत केस पिकवावे लागतात.

मास्तरांना वेगळंच वाटलं होतं. "चाळीस वर्षांत मला कोणी शेजारी उभं राहून ओळी पुरवल्या नाहीत! मी ओळी विसरतो असं वाटतं का हिला?" बाईने हात जोडून माफी मागितली, खरं कारण सांगितलं. मग ते इतके हसले की मेलेल्या माणसाला खोकला लागला. पण हसण्याने ओठ थांबत नाहीत. तिने दातांत काडी धरून पाहिली. आता ती काही तरी चघळतेय असं दिसायचं. जीभ चावून पाहिली. डोळ्यांत पाणी यायचं.

संध्याकाळी निर्माते आले. यांचा टाइल्सचा धंदा, न्हाणीघरांच्या फरश्यांत नाव कमावलेलं, म्हणून सगळे त्यांना टाइल्सवाले शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण सिनेमाही पेटीतून निघतो, चौकोनी आणि गुळगुळीत, अशी त्यांची समजूत होती. चित्रण पाहून म्हणाले, "बाई बदला. ओळखीचा चेहरा घेऊ. यांची किंकाळी तेवढी ठेवू. मला पहिल्यापासून तीच हवी होती. पोस्टरवर टाकायचंय, 'शेवटची किंकाळी ऐकून घरी जा.'"

हे त्यांनी बाईच्या समोर म्हटलं. खुर्चीबद्दल बोलावं तसं.

चष्मेवाली चष्मा पुसत राहिली. बाईच पुढे झाली. "दोन दिवस द्या. सोमवारी ओठ हलले तर मी स्वतः जाईन, आणि किंकाळीही घेऊन जाईन."

आता घरी तालीम कोणाबरोबर करणार? नवऱ्याबरोबर. त्याला टेबलाशी बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं, आपल्यासमोर लहान आरसा ठेवला. "वाचा मोठ्याने. मी नुसती ऐकणार."

तो वाचू लागला. "काल... शहरात... पाण्याचा..."

"पुरवठा," बाई म्हणाली.

तो थांबला. आरशातलं तोंड उघडंच होतं.

"पुन्हा," ती म्हणाली. "पाण्याचा पुरवठा. पुढे?"

"खंडित... झाल्याने... नाग..."

"रिकांचे हाल." आणि तिने हात तोंडावर ठेवला.

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. तो रागावलेला नव्हता, पण गंमतही वाटत नव्हती त्याला. "नऊ... वर्षं... तू माझं... प्रत्येक... वाक्य..."

"संपवते," बाई म्हणाली.

"बघ."

ती बघतच राहिली. मदत म्हणून करत होती ती. त्याला त्रास नको, ऐकणाऱ्याला थांबायला नको. पण नऊ वर्षांत त्याला एकदाही आपल्या शब्दांत वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्याच्या मनात 'चहा नको' असेल आणि ती 'चहा हवा' असं संपवत असेल, आणि तो मुकाट्याने पीत असेल. किती कप, कोण जाणे. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला, स्वतःचाच.

तो शनिवार आणि तो रविवार दोघांनी टेबलाशी काढला. तो बोलायचा, ती आरशात आपले ओठ बघायची. दहादा हलले, मग पाचदा. रविवारी दुपारी त्याने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"आता... माझं. तू... गप्प... बस."

ती बसली. त्याला बराच वेळ लागला. मधे नळाचं पाणी आलं आणि बादली भरून वाहू लागली, ती उठली नाही. त्याने सांगितलं ते तुकडे तुकडे जोडून असं होतं: "त्या दिवशी मी पडलो तेव्हा मला काही कळत नाही असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मला सगळं कळत होतं. मी तुझं तोंड बघत होतो, ते बंद होतं. मला वाटलं, ही ओरडत नाही म्हणजे मी मरत नाही. तू ओरडली असतीस, तर मी घाबरूनच मेलो असतो."

एकाही शब्दाला तिचे ओठ हलले नाहीत. आरशात बघायचंही तिला सुचलं नाही. नऊ वर्षं हे वाक्य त्याच्याजवळ होतं, आणि तीच ते पुरं होऊ देत नव्हती! मग ती बादलीपाशी गेली आणि नळ बंद करून तिथेच बसून पोटभर रडली.

सोमवारी मास्तर पलंगावरून बोलले आणि बाई दगडासारखी ऐकत उभी राहिली. चष्मेवालीने तो तुकडा तीनदा लावून पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाली, "टाळ्या राहू दे. मला एक सांगायचंय. शेवटी ही ओरडणार नाही."

"कोण?"

"ही बाई. मी. शेवटच्या शॉटला मी ओरडणार नाही."

"ताई, मी तुम्हाला घेतलंच त्याच्यासाठी!"

"ठाऊक आहे."

"लिहिलंय तसं."

"चुकीचं लिहिलंयस. राग मानू नकोस, बाकी सगळं फार चांगलं लिहिलंयस. किंकाळी म्हणजे हाक असते पोरी, कोणी तरी या म्हणून मारलेली. हिला आता कोण हवंय? हिचा माणूस समोर आहे."

चष्मेवाली दोन दिवस भांडली. मग भांडण शेठपर्यंत गेलं, आणि त्यांनी ते चुटकीसरशी मिटवलं. "बाईंना काय करायचं ते करू दे. स्टुडिओत यांच्या जुन्या किंकाळ्या ढिगाने पडल्यात. त्यातली एक नंतर टाकू." आणि बाईकडे बघून हसले. "तुमचाच आवाज आहे, तुमचं काय जातं?"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती विचार करत राहिली. चित्रावर आवाज कुठे बसतो हे त्या इमारतीत तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पाठमोरी बाई असली की किंकाळी बसते. तोंडावर हात असला की बसते. अंधार असला, चेहरा उशीत असला, कॅमेरा क्षणभर खिडकीकडे गेला, तरी बसते. फक्त एकाच जागी ती बसत नाही.

ती चष्मेवालीला बाजूला घेऊन म्हणाली, "शेवटचा शॉट समोरून. जवळून. उजेड पुरता तोंडावर. आणि मी उठेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, थांबवायचा नाही. दुसरा कुठलाही तुकडा घ्यायचा नाही. कबूल?"

"हे तुम्ही शेठना अडवायला करताय?"

"हो."

"आणि सिनेमासाठी?"

"तेही. ती बाई अशीच बसली असती."

"दोन्ही?"

"दोन्ही. एका दगडात होत असेल तर दोनदा कशाला वाकायचं?"

शॉट एकदाच झाला. बाई पलंगाच्या कडेला बसली, मास्तरांचा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग वर, समोर. तिचं तोंड बंद होतं. आवळलेलं नव्हतं, ओठ थरथरत नव्हते. घराचं दार असतं तसं बंद होतं. डोळ्यांत आधी ओळख आली, मग आणखी पुढचं काही, ज्याला शब्द नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंद. खोलीतली सात माणसं कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. शॉट संपला तेव्हा सगळ्यांत आधी मोठ्याने श्वास सोडला तो मेलेल्या मास्तरांनी.

महिन्याभराने डबिंगच्या खोलीत तो तुकडा पडद्यावर आला. खोली तीच, माइक तोच. काचेपलीकडे साउंडवाला, चष्मेवाली आणि शेठ. शेठनी निवडून आणलेली किंकाळी साउंडवाल्याने लावली, तिचीच, चार बोटांची, पोटातली, नावाजलेली. पडद्यावर बाईचं तोंड बंद आणि खोलीभर किंकाळी. सगळ्यांना वाटलं शेजारच्या घरात कोणाला तरी उंदीर दिसला. साउंडवाला हसू दाबायला टेबलाखाली वाकला.

"मागेपुढे सरकवा," शेठ म्हणाले. सरकवली. उंदीर मागेपुढे सरकला. "तोंड कुठे उघडतं यांचं?"

"कुठेच नाही," साउंडवाला म्हणाला. "दुसरा शॉट द्या, पाठमोरा वगैरे."

"नाही," चष्मेवाली म्हणाली. "घेतलाच नाही."

तेव्हा शेठना उमगलं. ते माइकपाशी उभ्या बाईकडे वळले. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मुद्दामच केलं."

"मी दुसरीला बोलावतो. तुम्ही एकट्याच नाही ओरडणाऱ्या."

"बोलवा. नंबर देते." आणि तिने खरंच दिला. शहरात किंचाळणारी दुसरी एक बाई होती. वीस वर्षं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, एकमेकींची कामं पळवून झालेली. शेठनी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला आणि काम सांगितलं. पलीकडून या धंद्यात पहिला विचारतात तोच प्रश्न आला, "तोंड किती बोटं उघडंय?"

"बंद आहे," शेठ म्हणाले.

"मग मला कशाला फोन केलात?" आणि तिने फोन ठेवला.

शेठ लालबुंद झाले. "लोक असला सिनेमा किंकाळी ऐकायला बघतात! मी या स्टुडिओत सांगून ठेवीन. तुम्हाला पुन्हा इथे काम मिळणार नाही."

या खोलीवर बाईचं घर चाललं होतं. पण माइक चालूच होता, आणि ती माइकसमोर कधी चाचरली नव्हती. "नका देऊ. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वाटचं ओरडले मी. ते घ्या, ढिगाने आहे, कुठेही लावा. पण हे गप्प राहणं माझं आहे. याच्यावर मी कोणाला आवाज टाकू देणार नाही. माझासुद्धा नाही."

चष्मेवाली उठून उभी राहिली. "शेठ, शॉट असाच राहील."

"मग माझं नाव काढा."

"काढते."

नाव निघालं. पोस्टरवरची किंकाळीही निघाली. शेठनी आपला शब्द पाळला, आणि पुढचे चार महिने स्टुडिओतून बाईला एकही बोलावणं आलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "घशाला सुट्टी आहे." घरात काटकसर सुरू झाली, आणि नवरा आपली वाक्यं स्वतः संपवायला लागल्यापासून त्यावर त्याची मतं फारच लांबली.

सिनेमाला शेवटी एका लहानशा हॉलमध्ये आठवडाभर दुपारचा खेळ मिळाला. पहिल्या दिवशी चाळीसेक माणसं होती. नवरा कडेच्या खुर्चीवर, पाय लांब करता यावा म्हणून. त्याच्या शेजारी बाई, आणि बाईच्या शेजारी नणंद, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि तोंडात शेरे तयार ठेवून. अर्ध्या तासात शेरे बंद झाले. तासाभराने गोळ्यांचा कागदही वाजेना.

शेवटी पडद्यावरच्या बाईने दार उघडलं, उशाशी बसली, हात हातात घेतला आणि मान वर केली. चेहरा भिंतभर मोठा. तोंड बंद. एक मिनिट गेलं. कोणी तरी खुर्चीत चुळबुळ केली आणि थांबलं. दीड मिनिट. नणंदेने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले होते. दुसऱ्या मिनिटाला तिला राहवेना, आणि त्या शांत हॉलमध्ये ती मोठ्याने म्हणाली, "अगं, ओरड की!"

चार माणसं वळून बघायला लागली. बाईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"नाही," ती म्हणाली.

अजून दीड मिनिट बाकी होतं. तेवढा वेळ नणंदेला त्या तोंडाकडे बघत तिथेच बसावं लागलं.